ताणकाटा

सात दिवस, बारा घरं, एक ताणकाटा
आणि महापालिकेनं छापून दिलेला तक्ता:
ओला, सुका, इतर.
'इतर'चा रकाना बोटाएवढा अरुंद.

पहिल्याच सकाळी कळलं,
कचरा तोलायला द्यायचा म्हटलं की
माणसं तोही आवरून देतात.
आरवाडे काकूंनी दोडक्याच्या शिरा
वर्तमानपत्रात बांधून हातावर ठेवल्या,
ओटी भरावी तशा.
"शिरांची चटणी करते हो मी, ह्याच जून निघाल्या."
चातुर्मास चाललेला,
त्यांच्या बादलीत कांद्याचं साल नाही, बटाट्याचं नाही.
शेकडा ब्याऐंशी ओला, मी लिहिलं.

विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर दोघंच,
दोघंही पुण्याची नोकरी घरात बसून करणारी.
पिशवी दारात मावेना आणि काटा हलेना.
खोके, खोक्यात खोके, हवा भरलेल्या पिशव्या,
आणि तळाशी एक पपई,
न कापताच नासलेली.
"जेवण मागवतो आम्ही," ती म्हणाली,
डॉक्टरांपुढं तंबाखू कबूल करावी
तशा आवाजात.
शेकडा सत्तावीस. त्यात निम्मी ती पपईच.

मिरजेत शिकलगारांच्या ओट्यावर
सतारीच्या भोपळ्यातून खरवडलेला गीर,
वाळून कागद झालेला.
कुजेल, पण कोरडा आहे.
ओल्यात घालू की सुक्यात?
शिकलगार म्हणाले, तुम्ही कुठंही घाला,
बिया तेवढ्या आम्ही ठेवतो.

तानूबाई ऐवळ्यांनी नुसते मोकळे हात दाखवले.
"कचरा? शेळी हाय की."
देठ शेळीला, तुकडा कोंबडीला,
राख भांड्याला, कागद चुलीला
(प्लास्टिकही चुलीलाच, हे त्या हळू बोलल्या),
आणि उरलंसुरलं परड्यातल्या उकिरड्याला.
साहेब फोनवर म्हणाले,
शून्य चालत नाही, घर बदला.
मी बदललं.
खरं तर शेळी तोलायला हवी होती.

वखारभागात कोष्टी आजोबा.
चाळीस वर्षं हळदीच्या पेठेत तोलाईदार.
त्यांनी आधी माझा काटा मागून घेतला,
नखानं टिचकी मारली,
घरातलं किलोचं माप अडकवून बघितलं.
"पन्नास ग्रॅम जास्त दाखवतोय."
मग पिशवी दिली:
डब्याचे प्लास्टिकचे वाडगे, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या,
चहाचा चोथा.
दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.
"ओल्यात काय लिहिता?"
मी तक्ता दाखवला.
ते बराच वेळ त्या रकान्याकडं बघत राहिले,
भाव पडला असावा तसे.
"ही होती तेव्हा रोज बादली भरायची.
दोन माणसांची एवढी सालं
कुठनं यायची, कधी विचारलंच नाही मी."

चौथ्या दिवशी कुलूप होतं.
आयर्विनखाली पाणी बघायला गेले असतील,
नाहीतरी सगळी सांगली तिथंच होती.

सहाव्या दिवशी पिशवी जड लागली.
बटाट्याची सालं, इतकी जाड
की अर्धा बटाटा सालालाच.
मेथीचे देठ, आणि देठांसोबत थोडी पानंही.
करपून काळी झालेली एक भाकरी,
तिच्यावर पाच बोटं उमटलेली.
"जमली का भाजी?"
त्यांनी उत्तर दिलं नाही.
काट्याकडं बघत होते,
पेठेत बघत असतील तसे, एक डोळा मिटून.
"किती भरलं?"

संध्याकाळी तक्ते घेऊन बसले.
अकरा घरांच्या प्रत्येक तोलातून
पन्नास ग्रॅम वजा केले.
एका घराचे
केले नाहीत.